तीन पोती सीडी आणि एक आवाज

पत्र : ताई, आमचं सांगलीत फोटो स्टुडिओ आणि लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. मिस्टर दीड वर्षापूर्वी गेले. दुकान आता भाड्यानं द्यायचं ठरलंय. आत सहाशेच्या आसपास सीडी-डीव्हीडी निघाल्या. बऱ्याचशा लोकांच्या लग्नांच्या, मुंजींच्या, काही आमच्या घरच्या, काही कोऱ्या. खालच्या दोन रॅकमधल्या २०१९च्या महापुरात भिजल्या, चिखल तसाच वाळलाय. सगळं तीन पोत्यांत भरून माळ्यावर टाकलंय. मुलगा पुण्याला असतो, तो म्हणतो घंटागाडीत टाकून दे. सून म्हणते तोरणं आणि घड्याळं करू. तासगावच्या भावाला द्राक्षबागेत पाखरं हाकायला हव्यात. भंगारवाल्यानं हात लावला नाही. शेजारचे म्हणाले, कव्हरं बंबात घाला, मस्त पेटतात. प्लास्टिक नीट जागी जावं असं मनापासून वाटतं, आणि टाकायला हातही धजत नाही. ते कायम कॅमेऱ्यामागे असायचे. त्यांचे फोटोच कमी, आणि आवाज तर कशातच नाही. – एक भगिनी, सांगली

उत्तर :

ताई,

तुमच्या पत्राचं शेवटचं वाक्य मी आधी घेते, कारण बाकी सगळं चार महिने थांबू शकतं, ते थांबू शकत नाही. आवाज कशातच नाही असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं तो असेल, आणि त्या पोत्यांतच असेल.

गिऱ्हाइकाला जी तयार डीव्हीडी जायची तिच्यात मूळ आवाज बहुतेक ठिकाणी दाबलेला असतो, वर सनई किंवा गाणी चढवलेली असतात. पण कापाकापी व्हायच्या आधीचं कच्चं शूटिंग पुष्कळ स्टुडिओवाले वेगळं ठेवत. त्यात कॅमेऱ्यामागचा माणूस सतत बोलत असतो. ‘मामा, जरा मागं सरका.’ ‘नवरीबाई, इकडं बघा.’ ‘लाइट वर धर रे.’ कॅमेऱ्याचा माईक त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतो, त्यामुळं भटजींपेक्षा त्याचाच आवाज स्पष्ट येतो. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं तो आवाज काढून टाकायचा असायचा. तुम्हाला नेमका तोच हवाय.

म्हणून पोती उघडलीत की सगळ्यात आधी तळहाताएवढ्या, ८ सेंटिमीटरच्या छोट्या डिस्क वेचा. २००० नंतरच्या दशकात काही हँडिकॅम थेट अशा डिस्कवर चित्रण करत. एका डिस्कवर साधारण अर्धा तास मावे. घरगुती बारशी, वाढदिवस यांवर असण्याची शक्यता जास्त. संगणकात घातल्यावर यातल्या काही ‘कोरी आहे’ असं दाखवतील. त्यावर विश्वास ठेवू नका. शूटिंग झाल्यावर त्या कॅमेऱ्यात डिस्क ‘फायनलाइज’ करावी लागे. ते राहून गेलं असेल तर दुसऱ्या यंत्राला ती वाचता येत नाही, आत मात्र सगळं असतं. डिस्क पालथी करून ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. मधल्या भोकाभोवती वेगळ्या छटेचा पट्टा दिसला तर तिथपर्यंत काहीतरी लिहिलेलं आहे. तो जुना कॅमेरा घरात असेल तर त्यातच लावून बघा, नसेल तर माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे द्या. आणि आगपेटीपेक्षा जराशा मोठ्या मिनी डीव्ही कॅसेट सापडल्या तर त्यांना कुणालाही हात लावू देऊ नका. कच्चं शूटिंग बहुधा त्यांच्यातच असतं.

घाई करायला सांगते त्याला कारण आहे. माझी आत्या जात्यावरच्या ओव्या म्हणायची. २००४ साली चुलतभावानं त्या रेकॉर्ड करून एका सीडीवर घातल्या, एकच प्रत, वर निळ्या मार्करनं तिचं नाव. ती सीडी प्लास्टिकच्या पाकिटात, पत्र्याखालच्या माळ्यावर राहिली. आत्या गेल्यावर पाकीट उघडलं, तर दुधावरची साय निघावी तसा चंदेरी पापुद्रा पाकिटाला चिकटून निघून आला. माझ्या हातात आरपार दिसणारी चकती राहिली. आम्हाला वाटायचं, खालच्या चकचकीत बाजूला ओरखडा पडू दिला नाही म्हणजे झालं. खरं उलटं आहे. सीडीवरची माहिती वरच्या, छापील बाजूच्या पातळ थराला अगदी चिकटून असते. खालचं सव्वा मिलिमीटर प्लास्टिक म्हणजे तिच्यापुढची काच. वरचा थर गेला की सगळं गेलं. डीव्हीडीत हा थर दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती जरा जास्त तग धरते. तेव्हा तुमच्या ढिगातल्या सीडींची पाळी आधी, डीव्हीडींची नंतर. सीडी दिव्यासमोर धरा. चंदेरी थरात टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर त्या डिस्कला रांगेत पहिला नंबर द्या.

आता पुरातल्या डिस्क. वाळलेला चिखल नखानं किंवा कोरड्या फडक्यानं काढायला जाऊ नका, त्यातली बारीक वाळू ओरखडे पाडते. टबात स्वच्छ साधं पाणी घ्या, कव्हरातून सुटतील तेवढ्या डिस्क त्यात एकेरी ठेवा आणि चिखल आपोआप सुटू द्या. छापील कागद डिस्कला चिकटला असेल तर ओढू नका, तोही भिजूनच सुटू द्या. मग दुसऱ्या पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, बोटांनी हलकेच, आणि पुन्हा साधं पाणी. पुसायला जुनं मऊ सुती लुगडं किंवा धोतर. पुसताना हात गोल फिरवायचा नाही, भोकापासून कडेकडे सरळ न्यायचा. डिस्कवरची माहिती आतून बाहेर जाणाऱ्या एकाच गोल गोल रेघेत असते. सीडीवरची ती रेघ उलगडली तर पाच किलोमीटरच्या आसपास भरेल. तिला आडवा छेद गेला तर प्लेअर तेवढी फट सावरून घेतो. ओरखडा रेघेच्या दिशेनंच गेला तर सलग मजकूर जातो आणि सावरायला काही उरत नाही. वाळवायला तुमचं स्टीलचं ताटाळं घ्या. ताटं उभी ठेवतो तशा डिस्क उभ्या ठेवायच्या, सावलीत, पंख्याखाली. टूथपेस्टनं घासायचे व्हिडिओ बघितले असतील, तसलं काही करू नका. नेलपॉलिश रिमूव्हर तर जवळही नको, प्लास्टिक पांढुरकं होतं.

उतरवून घेण्याचं काम मुलावर सोपवा. टाकून दे म्हणणाऱ्याला थोडं काम दिलेलं बरं असतं. यूएसबीला जोडायचा डीव्हीडी रायटर अजून बाजारात मिळतो. तो तबक बाहेर येणारा असू दे. तबकाच्या मधल्या खोलगट गोलात छोटी डिस्क नीट बसते. फटीतून गिळून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये छोटी डिस्क अडकते, तिथं ती घालू नका. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं. सहाशेच्या सहाशे डीव्हीडी काठोकाठ भरलेल्या धरल्या तरी तीन टीबीच्या आत बसतं, म्हणजे ४ टीबीची एक हार्ड डिस्क भरपूर झाली. जुन्या व्हिसीडी, म्हणजे व्हिडिओ भरलेल्या सीडी, तर ७०० एमबीच्या आसपासच्या. त्यातली डीएटी फाइल नुसती कॉपी केली तरी संगणकातल्या व्हीएलसी या फुकट प्लेअरवर चालते. रोज जेवणानंतर चार-पाच डिस्क, असं धरलं तरी चार-पाच महिन्यांत काम उरकतं. आणि दुसरी हार्ड डिस्क घेऊन सगळ्याची आणखी एक प्रत करा. एक सांगलीत, एक पुण्यात. कृष्णेकाठच्या माणसाला हे मी काय समजावणार.

लोकांच्या लग्नांचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण हात न धजण्याचं निम्मं कारण तेच असावं. दुकानात ऑर्डरची वही असेलच. तिच्यावरून फोन करा. २०१९च्या पुरात कितीतरी घरांतले अल्बम, कॅसेटी, सगळं गेलं. ज्या घरानं आपली प्रत पुरात गमावली, त्यांच्या आजोबांची पंगतीत वाढतानाची, आग्रह करतानाची एकमेव हालती छबी तुमच्या माळ्यावर असू शकते. फोनवर फार बोलू नका. ‘तुमचं जुनं शूटिंग आमच्याकडं आहे, हवं असेल तर अमुक तारखेपर्यंत घेऊन जा,’ एवढंच. सगळी लग्नं टिकलेली नसतात, त्यामुळं चौकशी नको, अभिनंदन नको. ज्यानं ऑर्डर दिली त्यालाच डिस्क द्यायची. तारीख मात्र ठरवा आणि पाळा. गणपतीपर्यंत म्हणालात तर गणपतीपर्यंत. तुमच्या मिस्टरांनी इतकी वर्षं लोकांच्या आठवणी जपल्या. तुम्ही त्या जन्मभर जपायला बांधील नाही.

जी कुणी नेली नाहीत, ती शूटिंगं आहेत तशी कुणाच्याही हाती जाऊ देऊ नका. सीडी असेल तर छापील बाजूवर खिळ्यानं आडवेतिडवे खोल ओरखडे काढले की काम झालं. डीव्हीडीचा थर आत असल्यानं ती कापावी लागते. थंड डिस्क तडकते, तुकडे डोळ्यापर्यंत उडतात. गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवून, जाड फडक्यात धरून, पत्रा कापायच्या कात्रीनं कापा. डोळ्याला चष्मा हवाच. कडा ब्लेडसारख्या होतात, म्हणून तुकडे गोळा करताना हातमोजे घाला.

तुमच्या सुनेला माझा एक निरोप द्या, रागावणार नाही अशा बेतानं. तोरणं चार करावीत, चाळीस नकोत. डिस्कवर गरम डिंक, टिकल्या, चमकी, लोकरीचा दोरा चिकटवला की ती पुढं कुणाच्याच कामाची राहत नाही, पुनर्वापर करणाराही घेत नाही. दोन दिवाळ्यांनी ते तोरण धुळीनं माखून त्याच माळ्यावर जातं, आणि तेव्हा त्यातलं प्लास्टिक वेगळं करता येत नाही. मुलांसाठी मात्र डिस्क फार कामाची आहे. अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करून दाखवण्यात उभं आयुष्य घातलं, त्यातली काही वर्षं पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत, २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वाटेवरचा एक प्रयोग सांगते. बुटाच्या खोक्याला एका टोकाला ब्लेडनं बारीक उभी चीर पाडा, दुसऱ्या टोकाला आत डिस्क तिरकी बसवा आणि वरून डोकवायला एक भोक ठेवा. चीर बल्बकडे केली तर इंद्रधनुष्याचा सलग पट्टा दिसतो. जुन्या ट्यूबकडे केली तर त्याच पट्ट्यात काही रंगांच्या रेघा तुटक, ठळक उठून दिसतात. सीडीवरच्या रेघा एकमेकींपासून १.६ मायक्रोमीटरवर असतात, डीव्हीडीवरच्या त्याहून दाट, म्हणून डीव्हीडीचा पट्टा जास्त पसरतो. हे जवळच्या शाळेत विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवलंत तर तीस-चाळीस कोऱ्या डिस्क तिथंच खपतील. मुलांना एकच ताकीद द्यायची, सूर्याकडे चीर करायची नाही. ग्रहण बघायला डिस्क डोळ्याला लावायची तर मुळीच नाही.

भावाला द्याव्यात का? द्या, पण पन्नासच, आणि कुणाच्या फोटोच्या नकोत. दुसऱ्याच्या लग्नाचा छापील फोटो बागेत उन्हापावसात फिरत राहावा हे मला बरं वाटत नाही. दोन डिस्कच्या छापील बाजू एकमेकींना लावून जोडी बांधायची, म्हणजे दोन्हीकडून झळाळते आणि वरचा थर उन्हापासून थोडा वाचतो. नायलॉनच्या दोऱ्याला अशी टांगायची की वाऱ्यानं गरगर फिरेल. पाखरं पहिले काही दिवस बिचकतात, मग सरावतात, म्हणून दर तीन-चार दिवसांनी जागा बदलायची. घड पिकायच्या सुमाराला टांगायच्या आणि माल उतरला की त्याच दिवशी काढून घ्यायच्या. बागेवरच्या जाळीचं काम नुसत्या डिस्कनं होईल अशी भावाची समजूत असेल तर ती काढून टाका. डिस्क वर्षभर तशीच राहिली तर चंदेरी थराचे कण झडून मातीत पडतात, आणि मग ती चमकतही नाही.

बंबाचं ऐकून मात्र माझ्या काळजात चर्र झालं. ती काचेसारखी कव्हरं पॉलिस्टायरीनची. पेटतात खरी, पण काळी काजळी धरून, आणि त्या धुरातली वाफ घशाला, डोळ्याला, फुफ्फुसाला वाईट. त्याच पाण्यानं घरातली लहान मुलं अंघोळ करणार, तोच धूर शेजारी घेणार. एकही नको.

भंगारवाला चुकीचा वागला असं मला वाटत नाही. त्याच्यासमोर तुम्ही काय ठेवलंत बघा : आत डिस्क, डिस्कवर धातू, बाहेर वेगळं प्लास्टिक, मध्ये काळा ट्रे, वर कागद, सगळ्यावर चिखल. हे सुटं करण्यात त्याचा जितका वेळ जाईल तितके पैसे त्याला यातून सुटणार नाहीत. म्हणून सुटं आपण करायचं. छापील कागद रद्दीत. मग एक बादली पाणी घ्या आणि प्रत्येक प्रकारचा एक तुकडा त्यात बुडवून सोडा. काळं, लवचीक, वाकवलं की दुमडीवर पांढरी रेघ उमटणारं डीव्हीडीचं कव्हर वर तरंगतं. ते पॉलिप्रोपिलीन, मागे बहुधा त्रिकोणात ५ आकडा असतो, आणि बादल्या-डबे घेणारा ते सहज घेतो. टिचकी मारली की काचेसारखं वाजणारं, वाकवलं की कटकन तुटणारं सीडीचं कव्हर बुडतं. ते पॉलिस्टायरीन, आकडा ६. पारदर्शक झाकण एका गोणीत, काळे-करडे ट्रे दुसऱ्या गोणीत. डिस्कही बुडते, पण ती पॉलिकार्बोनेटची, आकडा असलाच तर ७, तिची गोणी तिसरी. ही तिन्ही एकत्र वितळवली तर कुठल्याच कामाचा माल निघत नाही, वेगळी दिली तर निघतो. डिस्कवरचा धातूचा आणि लाखेचा थर काढून दाणे केले की त्या प्लास्टिकचे विजेच्या सामानाचे आणि गाड्यांचे भाग होतात. इतक्या टणक, उंची प्लास्टिकला घंटागाडीतून कचरा डेपोवर पाठवणं मला पटत नाही.

अडचण वजनाची आहे. एक डिस्क जेमतेम पंधरा-सोळा ग्रॅमची, तुमच्या सहाशेंचे मिळून नऊ-दहा किलो. तेवढ्यासाठी कुणी गाडी पाठवत नाही. सांगली-मिरजेत तुमच्यासारखे आणखी जुने स्टुडिओवाले आहेत, प्रत्येकाच्या माळ्यावर हेच पडलेलं असणार. चार फोन केलेत तर चाळीस-पन्नास किलो एका जागी जमतील, आणि मग बोलणी तुमच्या बाजूनं होतात. ई-कचऱ्याच्या परवानाधारक पुनर्चक्रकांची यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असते. त्यांतल्या जवळच्याला फोन करून ‘नुसत्या डिस्क घेता का, किती किलोपासून’ हे विचारा. तिथं नाही जमलं तर मुलगा पुण्याला जाताना गाडीत गोणी घालून नेईल. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था घरोघर जाते. त्याच्या सोसायटीत येणाऱ्या ताईंना आधी विचारायला सांगा, आणि गोणी त्यांच्या हातात, वेगळी, कोरडी द्यायला सांगा. बाकीच्या कचऱ्यात लपवून नाही. कापलेले तुकडे कागदात गुंडाळून, वर ठळक लिहून. त्या हातांना कापलं तर तुमच्या सगळ्या कष्टांना काय अर्थ?

अखंड राहिलेली कव्हरं मोडीत काढायच्या आधी जरा थांबा. सीडीच्या कव्हराचे ते दोन नाजूक कान पहिले तुटतात, आणि नाट्यसंगीताच्या, शास्त्रीय गाण्याच्या सीडी जपणाऱ्या लोकांना धड कव्हर हवंच असतं. मिरजेत असे कानसेन कमी नाहीत, वीस-पंचवीस कव्हरं सहज जातील. नातवंडं असतील तर एका पारदर्शक कव्हरात ट्रे काढून ओली माती दाबा, वरच्या कडेशी मेथीचे किंवा मुगाचे दाणे ठेवा आणि कव्हर बंद करून उभं करा. मूळ काचेला लागून खाली कसं उतरतं, कोंब वर कसा वळतो, ते आठवडाभर रोज दिसतं.

राहता राहिला मिस्टरांचा जुना डीव्हीडी प्लेअर. तो ई-कचऱ्यातच द्यायचा, पण सगळ्यात शेवटी. संगणकानं नाकारलेली डिस्क कधी कधी असा जुना प्लेअर मुकाट्यानं वाचतो. छोट्या डिस्क सगळ्या बघून होईपर्यंत त्याची वायर काढू नका.

तुमची,
ताई